अंडील घोड्याची प्रजननक्षमता तपासणी

खच्ची न केलेल्या नर घोड्याला अंडील घोडा म्हणतात. तो घोड्या भरवण्याच्या कामी ठेवण्याजोगा आहे का, हे ठरवण्यासाठी पशुवैद्यक करतात ती ही तपासणी. घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा, आणि शिंगरू बहुधा एकच. त्यामुळे नर निकामी निघाला तर घोडीवाल्याचे अख्खे वर्ष हातचे जाते.

कोल्हापुरात घोड्याची हौस जुनी. राजर्षी शाहू महाराजांचा (कारकीर्द १८९४–१९२२) घोडे शिकवण्याचा खडखडा (गाडा) आजही लोकांच्या बोलण्यात येतो. संस्थान गेले तरी घोडा राहिला. गावजत्रांतल्या घोडागाडी शर्यतींत, वरातींत आणि मेंढरे घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या वाड्यावर. धनगरांचे बिऱ्हाड पाठीवर वाहणारी तट्टे दख्खनी वळणाची. त्यांतल्या भीमथडीला कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे. संख्येने थोड्या असलेल्या अशा जातीत नर निवडताना झालेली चूक पुढच्या पिढ्यांत उतरत राहते, म्हणून तिथे ही तपासणी अधिकच गरजेची आहे.

बाजारात अंडील घोडा पाहिला जातो तो रंग, उंची, चाल आणि भोवऱ्यांवरून. देवमण हा शुभ भोवरा आहे का, अशुभ भोवरा कुठे आहे, याची कसून चौकशी होते. वृषण चाचपून पाहणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. भोवऱ्याचा आणि गर्भधारणेचा काहीही संबंध नाही. नर घ्यायचा तर पाहण्याचा हा क्रम उलटा करावा.

पशुवैद्यक आधी ओळखखुणा आणि पूर्ववृत्त टिपतात: गेल्या हंगामात किती घोड्या दाखवल्या, किती गाभण राहिल्या, मधे ताप, लंगडेपणा किंवा औषधोपचार झाला का. अंग भरावे म्हणून स्नायुवर्धक संप्रेरकांची इंजेक्शने दिली असतील तर ते लपवू नये. त्यांनी वृषण आक्रसतात. मग दात, डोळे, पाठ आणि मागचे पाय पाहतात. घोडीवर चढताना सारा भार मागच्या पायांवर येतो. गुडघा किंवा खोट दुखणारा घोडा इच्छा असूनही मागे सरतो आणि मालक त्याला नामर्द ठरवतो. एकच वृषण खाली उतरलेला घोडा पैदाशीला वापरू नये, कारण हा दोष संततीत उतरू शकतो.

घोड्याचे वृषण आडवे असतात आणि अधिवृषणाचे शेपूट मागच्या बाजूला हाताला लागते. निरोगी वृषण घट्ट पण लवचिक लागतो. मऊ, पिळपिळीत किंवा दगडासारखा कठीण लागला तर आत बिघाड आहे. दोन्ही वृषणांसह कोशाची रुंदी किमान ८ सेंमी. असावी असा संकेत आहे. तो मोठ्या जातींवरून बसवलेला असल्याने लहान तट्टाला लावताना अंगलोट ध्यानात घ्यावी लागते.

वीर्य घेण्यासाठी माजावरची शांत घोडी उभी करतात, तिची शेपूट पट्टीने गुंडाळतात आणि घोड्याचे शिश्न कोमट पाण्याने धुतात. कृत्रिम योनी म्हणजे रबरी अस्तराचे नळकांडे. त्यात गरम पाणी भरून आतले तापमान ४५ ते ४८ अंश से. राखतात. वीर्य सुटू लागले की घोड्याची शेपटी हातपंपाच्या दांड्यासारखी वरखाली होते, आणि शिश्नाच्या खालच्या अंगाला बोटे ठेवली तर मूत्रनलिकेतले ठोके एकामागून एक जाणवतात. घोडा नुसता चढून उतरला की घोडी भरली असे समजणाऱ्यांनी ही खूण शिकून घ्यावी.

नमुने तासाभराच्या अंतराने दोन घेतात. दुसऱ्यात शुक्राणूंची संख्या पहिल्याच्या साधारण निम्मी यावी. चिकट जेलीसारखा भाग गाळून उरलेल्या वीर्याचे आकारमान, शुक्राणूंची घनता, सरळ पुढे पोहणाऱ्यांचे प्रमाण आणि बांध्याने निर्दोष असलेल्यांचे प्रमाण काढतात. सर्वमान्य निकष असा की दुसऱ्या नमुन्यात पुढे पोहणारे आणि निर्दोष बांध्याचे शुक्राणू किमान १०० कोटी असावेत. हंगामात नैसर्गिक रेतनाने ४० किंवा कृत्रिम रेतनाने १२० घोड्या दिल्या तर त्यांतल्या ७५ टक्के गाभण राहाव्यात, या अपेक्षेवर हा निकष उभा आहे. वीर्यात रक्त किंवा लघवी मिसळलेली दिसली तर आधी त्याचे कारण शोधावे लागते. थरोब्रेड घोड्यांच्या स्टड बुकात कृत्रिम रेतनाची शिंगरे घेत नाहीत; तिथे वीर्याइतकेच घोड्याच्या वर्तनाला महत्त्व आहे.

संसर्गाची चाचणी कधीही टाळू नये. सांसर्गिक गर्भाशयदाहाचे जंतू (१९७७ मध्ये इंग्लंडमधील न्यूमार्केटला हा रोग प्रथम ओळखला गेला) शिश्नाच्या मळात राहतात आणि घोड्यात कसलेही लक्षण दिसत नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुन्हा आढळला. त्याचे निदान हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. घोडी घोड्याला दाखवण्याआधी दोघांचेही रक्त तपासलेले असावे.

निकाल तीन प्रकारचे: योग्य, अयोग्य आणि फेरतपासणी. शुक्राणू तयार व्हायला ५७ दिवस लागतात आणि अधिवृषणातून बाहेर येईतो आणखी आठवडाभर किंवा थोडे अधिक जाते. म्हणजे आज काचपट्टीवर दिसते ती दोन महिन्यांपूर्वीची प्रकृती. एप्रिलच्या कडक उन्हात तापाने फणफणलेला घोडा जूनमध्ये तुकतुकीत दिसत असला तरी त्याचे वीर्य तेव्हाही खराब असू शकते. अशा घोड्याला खच्ची करण्याची घाई न करता ६० दिवसांनी पुन्हा तपासावे.