शेपटी कुणाची, मान कुणाची

इंग्रजी लोकप्रिय गाण्यांमध्ये माकडं उदंड आहेत. १९६८च्या बीटल्सच्या एका गाण्याच्या नावात माकड आहे, १९६९च्या रोलिंग स्टोन्सच्या अल्बमवर ‘मंकी मॅन’ आहे, आणि जॉर्ज मायकलचं ‘मंकी’ १९८८ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. अशा गाण्यांची प्लेलिस्ट करायला बसलं तर एक अख्खा रविवार मजेत जातो. पण हीच गाणी सालवार लावली आणि प्रत्येकासमोर ‘गाणारा कोण, माकड कोण’ एवढे दोन रकाने आखले, की मजेच्या खाली दुसरंच काही दिसू लागतं. इंग्रजी गाण्यातलं माकड हा निव्वळ प्राणी कधीच नव्हता. अमेरिकेत तो एका माणसानं दुसऱ्याला दिलेला शब्द होता, आणि ज्यांना तो दिला गेला त्यांनी त्याचं काय केलं, हा या गाण्यांचा खरा इतिहास आहे.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. सप्टेंबर १९०६ मध्ये तिथल्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयानं ओटा बेंगा नावाच्या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात, ओरांगउटानच्या सोबतीला, प्रदर्शनात ठेवलं. बघ्यांची झुंबड उडाली. कृष्णवर्णीय धर्मगुरूंनी निषेध केल्यावर काही दिवसांनी ते थांबलं. दहा वर्षांनी, १९१६ मध्ये, ओटा बेंगानं स्वतःला गोळी घालून घेतली. या दोन तारखांच्या मधे, १९१४ साली, ‘आबा डाबा हनीमून’ हे गाणं बाजारात आलं. जंगलात एक माकड आणि एक चिंपांझी निरर्थक भाषेत प्रेमालाप करतात आणि लग्न करतात, एवढीच गोष्ट. ते ध्वनिमुद्रित करणारी कॉलिन्स आणि हार्लन ही गोरी जोडी कृष्णवर्णीयांच्या बोलीची नक्कल करणाऱ्या गाण्यांसाठी प्रसिद्ध होती. या गाण्यात कुणाला शिवी नाही. पण जंगल, निरर्थक बडबड आणि माकडांचा संसार यांना हसायला ज्या श्रोत्यांना शिकवलं गेलं होतं, ते श्रोते आठ वर्षांपूर्वी कुठे रांगा लावून उभे होते, हे माहीत असलं की हसू घशात अडकतं. १९५० मध्ये एका सिनेमात डेबी रेनॉल्ड्सनं तेच गाणं गायलं आणि ते पुन्हा तुफान चाललं.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मौखिक परंपरेत ‘सिग्निफाइंग मंकी’ नावाचं एक माकड फार पूर्वीपासून आहे. हे माकड झाडावर बसतं आणि खालून जाणाऱ्या सिंहाला सांगतं, ‘हत्ती तुझ्याबद्दल वाट्टेल ते बोलत होता.’ सिंह चवताळून हत्तीकडे जातो, मार खाऊन परत येतो. माकडानं बोटही उचललेलं नसतं. बोलण्यातच त्याचा सगळा पराक्रम. सिंह कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नसे. मळ्यावर आणि नंतर कारखान्यात, जिथे उलट बोललं तर जिवावर बेतायचं, तिथे आडून बोलणं हीच विद्या होती. हेन्री लुई गेट्स या अभ्यासकानं १९८८ मध्ये या माकडावर एक ग्रंथच लिहिला आणि त्याचं नातं पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांच्या एशू या खोडकर देवतेशी जोडलं. १९४०च्या दशकात विली डिक्सनच्या बिग थ्री ट्रिओनं ही गोष्ट रेकॉर्डवर आणली. म्हणजे ज्या प्राण्याच्या नावानं हिणवलं जात होतं, त्यालाच या लोकांनी आपला नायक केलं होतं.

हा नायक घराघरात पोचवला नॅट किंग कोल यानं. त्याचे वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि प्रवचनात एक लोककथा सांगत. एक गिधाड प्राण्यांना पाठीवर बसवून आकाशात फिरवून आणतं, वरून खाली टाकतं आणि खातं. एकदा माकडाची पाळी येते. गिधाड झटका द्यायला लागताच माकड आपली शेपटी त्याच्या मानेभोवती आवळतं आणि त्याला नीट उडायला लावतं. कोलनं या गोष्टीचं गाणं केलं, ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’. नोव्हेंबर १९४३ मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं आणि १९४४ मध्ये गाजलं.

आपल्याला ही गोष्ट अनोळखी वाटू नये. मगरीच्या पाठीवर बसून समुद्रात निघालेलं आणि ‘काळीज तर झाडावरच राहिलं’ म्हणून सुटलेलं माकड पंचतंत्रात, लब्धप्रणाश या चौथ्या तंत्रात, आहे. फरक एकच, पण मोठा. आपलं माकड थाप मारून झाडावर परततं आणि मैत्री तोडतं. कोलच्या माकडाला परतायला झाड नाही. ते शत्रूच्याच पाठीवर, आकाशात आहे. त्यामुळे गिधाडाला मारूनही चालणार नाही, दोघंही पडतील. त्याला सरळ उडायला लावणं हाच उपाय. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय माणसाच्या स्थितीचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही. आणि गोऱ्या श्रोत्यांनी ते प्राण्यांचं गमतीदार गाणं म्हणून विकत घेतलं. एप्रिल १९५६ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात, गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना, काही वंशद्वेष्ट्यांनी स्टेजवर चढून कोलवर हल्ला केला. गिधाड सरळ उडायला तयार नव्हतं.

याच काळात आणखी एक माकड गात होतं, आणि त्याच्यामागे एक खटला होता. १९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल खटला चालला. वर्तमानपत्रांनी त्याला ‘माकड खटला’ म्हटलं. गावात सुटाबुटातला चिंपांझी आणला गेला. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. लगोलग गाणी आली. व्हर्नन डॅलहार्टनं गायलेलं एक गाणं धर्माच्या बाजूनं उभं होतं. माणूस माकडापासून आला, ही कल्पना गोऱ्या ख्रिस्ती माणसाला अपमान वाटत होती. आपल्या शेजाऱ्याला माकड म्हणणं मात्र चालत होतं.

१९५७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डेव्ह बार्थोलोम्यूनं या वादाला उत्तर दिलं. हा ट्रम्पेटवादक, फॅट्स डॉमिनोच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांमागचा माणूस. त्याच्या ‘द मंकी’मध्ये तीन माकडं नारळाच्या झाडावर बसून एक अफवा चघळत असतात: माणूस म्हणे आपल्या वंशातला! माकडं हे साफ नाकारतात. आमच्यातला कुणी बायकोला टाकून जात नाही, पोरांना उपाशी ठेवत नाही, झाडाला कुंपण घालून नारळ कुजू देत नाही, बंदूक घेऊन दुसऱ्याचा जीव घेत नाही. बार्थोलोम्यू हे गात नाही, एकाच संथ रिफवर बोलतो, न्यायाधीशानं निकाल वाचावा तसं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लिटल रॉकमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना शाळेत नेण्यासाठी लष्कर बोलवावं लागलं. वंशावळीचा प्रश्न त्या गाण्यानं उलटा करून ठेवला होता: माकडानं नातं कबूल का करावं?

१९६७ मध्ये डिस्नेचा ‘द जंगल बुक’ आला. त्यातला किंग लुई हा ओरांगउटान मोगलीकडे अग्नीचं गुपित मागतो, कारण त्याला माणसासारखं व्हायचंय. गाणं रॉबर्ट आणि रिचर्ड शर्मन या भावांचं, चाल अस्सल जॅझ, आवाज लुई प्रिमाचा. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगनं ही गोष्ट नागपूरच्या उत्तरेला, सिवनीच्या जंगलात घडवली होती. तिथे ओरांगउटान नाहीत. ते बोर्निओ-सुमात्रात असतात. किपलिंगच्या ‘बंदर-लोग’ना राजाही नाही, तेच तर त्यांचं लक्षण. राजा डिस्नेनं आणला. आधी लुई आर्मस्ट्राँगचा विचार झाला होता, पण कृष्णवर्णीय गायकाला वानर केल्याची टीका होईल म्हणून तो सोडला, असं शर्मन यांनी नंतर सांगितलं. म्हणून इटालियन-अमेरिकन प्रिमा आला. तोही न्यू ऑर्लिन्सचा, आर्मस्ट्राँगचा चाहता. म्हणजे माणूस बदलला, सूर तोच राहिला. गाणं अप्रतिम आहे, ठेका धरल्याशिवाय राहवत नाही. पण बार्थोलोम्यूच्या माकडाला जे नको होतं, नेमकं त्याचीच भीक किंग लुई मागतो, आणि हे दोघं एकाच गावच्या संगीतातून आले आहेत.

ब्रिटनमध्ये १९७० साली किंक्सचं ‘एपमॅन’ आलं. प्रदूषण, गर्दी आणि अणुबॉम्ब यांना कंटाळलेला माणूस म्हणतो, मी वानर होऊन झाडावर राहतो. रे डेव्हिसनं ते कॅरिबियन उच्चारांत गायलं. दोनच वर्षांपूर्वी इनॉक पॉवेलनं स्थलांतरितांविरुद्ध कुप्रसिद्ध भाषण केलं होतं. वानर होण्याची हौस गोऱ्या माणसाला परवडते. कंटाळा आला की तो परत माणूस होऊ शकतो. १९६९ मध्येच खुद्द जमैकात टूट्स हिबर्टनं ‘मंकी मॅन’ गायलं होतं. प्रेयसी दुसऱ्याकडे गेली, म्हणून त्या दुसऱ्याला दिलेलं हे नाव. १९७९ मध्ये कॉव्हेंट्रीच्या ‘द स्पेशल्स’नं, ज्यात गोरे आणि काळे एकत्र वाजवत, ते पुन्हा गाजवलं.

आपण म्हणू शकतो, आपल्याला काय त्याचं? आपल्याकडे माकडचाळे असतात, ‘माकडा’ म्हणून आई पाठीत धपाटा घालते, आणि मारुती तर गावोगाव आहे. पण ऑक्टोबर २००७ मध्ये, आधी वडोदऱ्यात आणि मग मुंबईत वानखेडेवर, अँड्र्यू सायमंड्सकडे बघून प्रेक्षकांनी माकडासारखे आवाज आणि हावभाव केले. मुंबईत काहींना मैदानाबाहेर काढावं लागलं. तेव्हा ‘आम्ही तर हनुमानाची पूजा करतो’ असा बचाव ऐकू आला होता. त्या स्टँडमध्ये कुणी पूजेला बसलं नव्हतं. सायमंड्सला, आणि फक्त त्यालाच, ते हावभाव का करावेसे वाटले, याचं उत्तर मारुतीच्या देवळात सापडत नाही. ते ब्राँक्सच्या पिंजऱ्यासमोरच्या रांगेत सापडतं. सिनेमा, जाहिराती आणि क्रिकेट यांच्यासोबत ती रांग आपणही आयात केली. त्यावरचं उतारा असलेलं गाणं मात्र आणलं नाही.

तो उतारा उपलब्ध आहे, आणि सगळा मिळून पाच-सहा मिनिटांचा आहे. आधी बार्थोलोम्यू ऐकावा, मग कोल. आणि ऐकताना गिधाडाच्या पाठीवरच्या स्वारीत आपण नेमके कोण आहोत, याचा विचार करावा. आपण स्वतःला माकडच समजतो. वानखेडेवर त्या दिवशी पंख आपले होते.