लूव्हरमधील चिमुकलें आरमार

वय साठीच्या पुढें गेलें, नोकरीचा भार खांद्यावरून उतरला, म्हणजे मनुष्याच्या हातीं मोकळा वेळ येतो. आणि त्या वेळाचें करावें काय, हा प्रश्न पुष्कळांना नोकरींतील कोणत्याहि प्रश्नापेक्षां अवघड वाटूं लागतो. कोणी तीर्थयात्रेला निघतो, कोणी बागेंत रमतो, कोणी जुन्या आठवणी उगाळीत बसतो. फ्रेंच आरमारांतील व्हाइस-ॲडमिरल फ्रांस्वा-एद्मों पारी हे १८७१ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, सेवानिवृत्त झाले आणि त्यांनीं जहाजांच्या प्रतिकृतींचा ध्यास घेतला. १८९३ सालीं मृत्यु आला तेव्हांच तो ध्यास संपला. हीं बावीस वर्षें म्हणजे निव्वळ विरंगुळा नव्हता. जगांतून नाहींशा होऊं लागलेल्या एका विद्येला निवारा देण्याचा तो प्रयत्न होता.

या छंदाचें बीज फार पूर्वीं पडलें होतें. १८०६ सालीं जन्मलेले पारी विशीच्या उंबरठ्यावर द्युमों-द्युर्व्हील यांच्या ‘ॲस्ट्रोलाब’ जहाजावरून १८२६ ते १८२९ या काळांत पृथ्वीप्रदक्षिणेला गेले. पुढें लाप्लास या कप्तानाबरोबर ‘फाव्होरीत’वरून १८३० ते १८३२ व ‘आर्तेमीझ’वरून १८३७ ते १८४० अशा आणखी दोन प्रदक्षिणा त्यांनीं केल्या. बंदरांत नांगर पडला कीं त्यांची दृष्टि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांकडे वळे. होडीची लांबी किती, रुंदी किती, फळी फळीला कशी जोडली आहे, डोलकाठी कोणत्या बाजूस कलली आहे, शीड कसें कापलें आहे, हें सारें ते मापून घेत आणि कागदावर उतरवीत. होडी चित्रांत शोभून दिसावी एवढ्यावर त्यांचें समाधान नव्हतें. त्या कागदावरून ती पुन्हां बांधतां आली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

या टिपणांतून १८४१ ते १८४३ च्या दरम्यान युरोपबाहेरील लोकांच्या नौकाबांधणीवरील त्यांचा ग्रंथ तयार झाला. त्यांत सव्वाशेंहून अधिक चित्रपट आहेत. अरबांचे बगले आहेत, चिनी जंक आहेत, प्रशांत महासागरांतील उलांडीच्या होड्या आहेत. आपल्या दृष्टीनें विशेष गोष्ट अशी कीं, हिंदुस्थानच्या दोन्ही किनाऱ्यांना त्यांत मानाचें स्थान आहे. मद्रासेस त्या काळीं सुरक्षित बंदर नव्हतें. मोठीं जहाजें दूर उभीं राहत आणि माणसें व माल मसुला होड्यांतून फुटत्या लाटांवरून किनाऱ्यास येई. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या असत. ताठर होडी वाळूवर आदळली कीं तिच्या चिरफळ्या व्हावयाच्या. शिवलेली होडी लवते, आणि लवते म्हणूनच टिकते. पश्चिम किनाऱ्यावरील फतेमारीनेंहि पारींचें लक्ष असेंच वेधून घेतलें. पुढें झेपावणारी लांबलचक नाळ, तळाचा मध्यें किंचित् उचललेला कणा, पुढें झुकलेल्या डोलकाठ्या आणि परबाणाला बांधलेलीं तिरपीं शिडें हें तिचें रूप होय. गुजरात, मुंबई आणि मलबार यांच्यामधील मालाची ने-आण करावयाची आणि पावसाळ्याचे दिवस किनाऱ्यावर काढावयाचे, हा तिचा जीवनक्रम होता.

याच हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर त्यांना मोठी किंमत मोजावी लागली. ‘आर्तेमीझ’च्या सफरींत पाँडिचेरी येथें ओतकामाचा एक कारखाना पाहत असतां यंत्राच्या दंतचक्रांत सांपडून त्यांचा डावा हात गेला. ज्याला मापपट्टी, कागद आणि पेन्सिल एकाच वेळीं सांभाळावयाची त्याला हा आघात केवढा, हें सांगावयास नको. परंतु मापें घेणें थांबलें नाहीं कीं यंत्राविषयींची जिज्ञासा आटली नाहीं. उलट फ्रेंच आरमारांतील वाफेच्या शक्तीचे ते एक प्रमुख जाणकार झाले. जहाजावरील यंत्रज्ञांसाठीं त्यांनीं पाठ्यपुस्तक लिहिलें. १८५५ सालीं जहाज ढकलणाऱ्या पंख्यावर, म्हणजे मळसूत्री चाकावर, स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८६३ सालीं फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनें त्यांना सभासद करून घेतलें.

त्यांच्या चरित्रांतील खरा पेंच येथें आहे. शिडांच्या युगाला निरोप देणारी जी वाफ, तिचे ते पुरस्कर्ते होते. आणि त्या वाफेपुढें जगांतील किती नौका मावळणार, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला क्वचितच कळलें असेल. देशोदेशींच्या सुतारांनीं नकाशे काढलेले नव्हते. बापाच्या हाताखालीं मुलानें शिकावें, डोळ्यांच्या अंदाजानें फळी वांकवावी, अशी ही विद्या होती. होड्यांचें काम थांबलें कीं मुलगा दुसरा धंदा धरणार, आणि विद्या बापाबरोबर जाणार. प्रगतीचा मार्ग अडवावा असें पारींना कधीं वाटलें नाहीं. त्या मार्गावर जें मागें पडणार त्याची नोंद राहावी, एवढीच त्यांची तळमळ होती.

निवृत्तीनंतर पॅरिस येथील लूव्हर राजवाड्यांतील नौकासंग्रहालयाचे ते प्रमुख झाले. या संग्रहाचें मूळ १७४८ सालीं द्युहामेल द्यु मोंसो यांनीं पंधराव्या लुईला दिलेल्या प्रतिकृतींत असून दहाव्या चार्ल्सनें १८२७ सालीं त्याला संग्रहालयाचें रूप दिलें. पारींनीं आपलीं जुनीं मापें बाहेर काढलीं आणि संग्रहालयाच्या कारागिरांकडून त्यांवरून प्रतिकृति करवून घेण्यास आरंभ केला.

हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. अशा प्रतिकृतीचा एकहि भाग तयार मिळत नाहीं. प्रथम नौकेच्या बाजूचा, वरचा आणि आडव्या छेदांचा असे तीन आराखडे एकमेकांशीं जुळवून घ्यावे लागतात. एका आराखड्यांत केसभर चूक झाली तर ती फळ्या बसवितांना बोटभर होऊन समोर येते. मग लांकडाच्या पातळ पट्ट्या भिजवून वांकवावयाच्या, दोऱ्यांची जाडी नौकेच्या प्रमाणांत आणावयाची, मुगाच्या दाण्याएवढ्या कप्प्यांना भोकें पाडावयाचीं. शिवाय कित्येक पौर्वात्य नौकांत आधीं फळ्यांचें कवच उभें राहतें आणि मग आंतील वांक बसतात. युरोपांत बहुधा याच्या उलट. हा फरक ध्यानांत घेतल्याखेरीज त्या नौकेचें अंतरंग उमगत नाहीं. १८८२ पासून पारी जुन्या-नव्या जहाजांचे आराखडे ग्रंथरूपानें प्रसिद्ध करूं लागले. इतरांनाहि त्यांवरून जहाजें घडवितां यावींत, हा त्याचा सरळ उपयोग होता.

लूव्हरमधील तें संग्रहालय पुढें १९४३ सालीं शायो राजवाड्यांत गेलें. २०१७ पासून दुरुस्तीसाठीं बंद राहून २०२३ सालीं तें पुन्हां उघडलें. २०१० सालीं तेथें पारींच्या नौकांचें एक खास प्रदर्शनहि भरलें होतें. प्रतिकृतीला मर्यादा आहेत हें खरें. तिच्या शिडांत वारा भरत नाहीं, तिच्या फळ्यांना खाऱ्या पाण्याचा वास नाहीं, आणि मूळ होडी बांधणाऱ्या सुताराचें नांव तिच्यावरून कळत नाहीं. तरीहि ज्या होडीचा सुतार गेला आणि किनाराहि बदलला, तिची घडण कशी होती हें जाणावयाचें असेल तर त्या एकहाती वृद्धाच्या मापांकडेच वळावें लागतें. वार्धक्यांतील छंद हा वेळ घालविण्याचा उपाय मानला जातो. पारींनीं तो वेळ राखून ठेवण्याचा उपाय केला.