शिकारीची तसबीर आणि पुसलेला पट्टा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे एक स्नेही राहतात. घराणे मूळचे गोमंतकीय. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर यांच्यामागून जी सारस्वत कुटुंबे उत्तरेस गेली त्यांपैकी आपण एक, असे त्यांच्या घरात परंपरेने सांगतात. कोकणी विसरली, मराठी टिकली, आणि देवघरातील शांतादुर्गा मात्र होती तशी राहिली. या घराच्या दिवाणखान्यात दोन तसबिरी शेजारी शेजारी लावलेल्या आहेत. गेल्या खेपेस आमचा मुक्काम तेथे पडला, तेव्हा त्या दोहोंनी आमची झोप बरीच उडविली.

पहिली तसबीर संस्थानी अमदानीतील आहे. मारलेले वाघ ओळीने मांडलेले, त्यांच्यामागे बंदुका टेकून उभी राहिलेली साहेबमंडळी आणि दरबारी लोक, कोपऱ्यात हाकारे घालणारे, तेही अर्धे चौकटीबाहेर गेलेले. दुसरी अगदी अलीकडची, स्नेह्यांनी स्वतः कूनोच्या जंगलात घेतलेली. सूर्य उगवून घटकाभरही झालेला नाही. उंच गवताचे शेंडे पेटल्यासारखे दिसत आहेत आणि त्या गवतातून एक चित्ता मान वळवून पाहत आहे. चित्र सुंदर आहे यात शंका नाही. परंतु चित्त्याच्या मानेशी आमची नजर अडखळली. तेथले ठिपके अंगावरच्या ठिपक्यांशी जुळत नव्हते. पृच्छा केली तेव्हा स्नेही हसून म्हणाले, "गळ्यात रेडिओचा पट्टा होता हो. एवढ्या सोन्यासारख्या चित्राचा विरस करीत होता. संगणकावर पुसून टाकला."

आमचा जन्म कोर्टकचेरीत गेला. पुराव्याच्या कागदावर खाडाखोड दिसली की आम्हांस स्वस्थ बसवत नाही, हा आमचा व्यवसायदोष वाचकांनी पोटात घालावा.

पहिल्या तसबिरीचा इतिहास आधी सांगितला पाहिजे. माधवराव महाराज शिंदे १८८६ साली गादीवर आले आणि १९२५ साली निवर्तले. त्यांच्या कारकीर्दीत शिवपुरी ही संस्थानची उन्हाळी राजधानी बनली आणि तिच्या भोवतालचे जंगल हे राजपाहुण्यांच्या शिकारीचे ठिकाण झाले. महाराजांची हौस इतकी पद्धतशीर, की १९२० साली त्यांनी वाघाच्या शिकारीवर इंग्रजीत एक मार्गदर्शक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्यापूर्वी त्यांनी आफ्रिकेतून सिंह आणवून आपल्या जंगलात सोडले होते. ते गुरांवर आणि पुढे माणसांवरही पडू लागले, तेव्हा तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. लॉर्ड कर्झन आणि माधवराव महाराज मारलेल्या वाघांसह उभे आहेत, असे त्या काळचे एक छायाचित्र सुप्रसिद्धच आहे.

त्या काळी वाघाचे छायाचित्र म्हणजे मेलेल्या वाघाचे, असे समीकरण का झाले? दर्प हे एक कारण खरेच. पण कॅमेरा जड होता, काचेच्या पट्ट्या जपून न्याव्या लागत, आणि रानातल्या अंधुक उजेडात चालता वाघ त्या पट्टीवर उमटणे दुरापास्त होते. मेलेला वाघ उजेडात आणून ठेवता येतो आणि तो हलत नाही. त्याचे डोके उचलून धरण्यासाठी खाली काही सारीत, जबडा काठी लावून उघडा ठेवीत. म्हणजे मांडणी तेव्हाही होतीच. मात्र वाघ मेलेला आहे आणि तो कोणी मारला, या दोन गोष्टी त्या तसबिरीने कधी लपविल्या नाहीत. लपविणे कसले, त्यासाठीच ती काढलेली!

योगायोग असा, की ज्या १९२५ साली माधवराव महाराज वारले, त्याच साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या जंगलखात्यातील अधिकाऱ्याने घेतलेली रानातल्या जिवंत वाघांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. संयुक्त प्रांतातील जंगलात वाघाच्या वाटेवर त्यांनी तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि चित्र उमटे. वाघ आपल्या पायाने येऊन आपली साक्ष नोंदवून जात असे, म्हणा ना! आजच्या व्याघ्रगणनेतील स्वयंचलित कॅमेरे याच युक्तीचे वंशज होत. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, माणसाच्या अंगठ्यासारखे. २०१८ सालच्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांतून वाघांची ७६,६५१ छायाचित्रे मिळाली. त्या चित्रांना सोनेरी झाक नसते, पण प्रत्येक पट्टा मोजता येतो.

सोनेरी झाक येते ती सूर्य क्षितिजाजवळ असताना. किरणांना तेव्हा वातावरणाचा लांबचा पल्ला ओलांडावा लागतो, निळा रंग वाटेत विखुरतो, तांबूस-पिवळा आपल्यापर्यंत पोहोचतो. नेमक्या याच वेळी ही मार्जारकुळे हिंडती असतात. आपल्या डोळ्यांना तो वाघ पेटत्या निखाऱ्यासारखा दिसतो. हरणांना मात्र तांबडा व हिरवा यांतला भेद कळत नाही, त्यांना तोच वाघ गवतात गवतासारखा दिसतो. छायाचित्रकाराने हा उजेड घरी आल्यावर संगणकावर थोडा खुलविला, काळोखा भाग उजळला, तर आमची हरकत नाही. पूर्वी अंधाऱ्या खोलीत हेच चाले. उत्सवात मूर्तीला अलंकार घालतात आणि रात्री उतरवतात, तसे ते आहे. मूळ चित्र खाली शाबूत असते. पट्टा पुसणे हे मात्र मूर्तीवर टाकी चालविणे झाले.

चित्त्याच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवे. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीतून जाताना तीन चित्ते मारले. त्या तिघांसह महाराजांचे छायाचित्र मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे धाडण्यात आले. भारतातल्या रानटी चित्त्याचा शेवटचा भरवशाचा पुरावा म्हणून अभ्यासक आजही त्याच चित्राकडे बोट दाखवितात. १९५२ साली चित्ता या देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. त्या चित्रातले मेलेले चित्ते कोणी 'विरस होतो' म्हणून पुसले असते तर?

आणि कूनो! जुन्या ग्वाल्हेर संस्थानच्याच मुलखातील हे जंगल गीरच्या सिंहांसाठी सज्ज करावयाचे म्हणून तेथून चोवीस गावे उठविली गेली. त्यांतील बहुतेक लोक सहरिया आदिवासी. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत हलवावेत असा आदेश दिला आणि आफ्रिकी चित्ते आणण्याचा निर्णय रद्द केला. पुढे २०२० साली त्याच न्यायालयाने चित्त्यांच्या प्रयोगास अनुज्ञा दिली. सिंह आले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून बारा. आमच्या स्नेह्यांच्या तसबिरीत जे गवत सोन्यासारखे झळकते, तसली कुरणे कूनोत बव्हंशी या उठलेल्या गावांच्या पडीक शेतांतच वाढली आहेत. 'अस्पर्श निसर्ग' असे त्या तसबिरीखाली त्यांनी लिहून ठेवले होते, ते वाचून आम्हांस त्या चोवीस गावांची आठवण झाली.

पट्ट्याचीही एक हकीकत आहे. जुलै २०२३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, कूनोत दोन नर चित्ते चार दिवसांच्या आत मेले. त्यांच्या मानेवर जखमा होत्या आणि त्यांत किडे पडले होते. दोष पट्ट्याचा की दमट हवेत दाट वाढलेल्या केसांचा, यावर बराच वाद झाला. त्यानंतर इतर चित्त्यांना पकडून, पट्टे काढून तपासण्यात आले. तेव्हा चित्त्याच्या गळ्यातला पट्टा ही चित्रातली घाण नव्हे. हा प्राणी कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या जोखमीवर येथे राहतो, हे सांगणारी ती एकच खूण आहे. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक विचारील, की अमुक साली या चित्त्यांची मान कशी होती? त्याला उत्तर कोण देणार?

हे सारे आम्ही स्नेह्यांना रात्री जेवणानंतर ऐकविले. ते प्रथम थोडे रागावलेच. "मी काय न्यायालयात चित्र दाखल करणार आहे?" म्हणाले. आम्ही म्हटले, कोरियाच्या महाराजांनाही तसे वाटले नसेल. आज न्यायालयात संगणकीय चित्र दाखल करावयाचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमान्वये प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फाईलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्याची सांकेतिक संख्याही त्यात नमूद करावी लागते. घरच्या तसबिरीला एवढा खटाटोप नको. मूळ चित्र जपून ठेवले आणि काय बदलले ते लिहिले, तरी पुष्कळ. त्यांनी विषय बदलला. आम्हीही आग्रह धरला नाही, पाहुण्याने किती बोलावे यालाही मर्यादा असते.

दसऱ्यानंतर त्यांच्याकडून टपालाने एक मोठे पाकीट आले. आत तेच चित्र, तोच उजेड, तीच वळलेली मान. चित्त्याच्या गळ्यात काळा जाड पट्टा होता आणि खालच्या कोपऱ्यात वाळूवर गाडीच्या चाकांच्या खुणाही होत्या. त्याही पहिल्या प्रतीत नव्हत्या, हे आमच्या तेव्हा लक्षात आले नव्हते. मागच्या बाजूस ठिकाण, तारीख, वेळ, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते : "फक्त उजेड थोडा वाढविला आहे."