करवीर संस्थानातील आरक्षण आदेश (१९०२)

करवीर संस्थानातील आरक्षण आदेश हा छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीत २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर येथे संस्थानच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झालेला आदेश होय. त्यान्वये संस्थानच्या सेवेत रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडमध्ये होते.

पार्श्वभूमी

१८९४ मध्ये महाराजांनी राज्यसूत्रे हाती घेतली, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. मागासलेल्या वर्गांत उच्च शिक्षणाचा अपेक्षित प्रसार झाला नाही, कारण शिक्षणाचे फळ त्यांच्या वाट्याला पुरेसे येत नाही, अशी कारणमीमांसा आदेशातच केलेली आहे.

तरतुदी

ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळून उर्वरित सर्व जाती ‘मागासलेले वर्ग’ मानल्या गेल्या. ज्या कचेऱ्यांत या वर्गांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असेल, तेथील पुढील नेमणूक त्यांच्यातूनच करावयाची होती. खातेप्रमुखांनी नेमणुकांचे त्रैमासिक विवरण सादर करणे बंधनकारक होते.

प्रचलित समज आणि वस्तुस्थिती

हा आदेश केवळ अस्पृश्यांसाठी होता, असा समज आढळतो. प्रत्यक्षात मराठा, कुणबी, मुस्लिम आदी समाजही त्याच्या व्याख्येत येत होते. अस्पृश्यांसाठी महाराजांनी पुढे स्वतंत्र आदेश काढले; १९१९ मध्ये त्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत प्रवेश देण्यात आला.

१८९९ मध्ये उद्भवलेल्या वेदोक्त प्रकरणाची प्रतिक्रिया म्हणूनही या आदेशाकडे पाहिले जाते. दोन्ही घटनांचा काळ एकमेकांत गुंतलेला असला, तरी आदेशाच्या मजकुरात नमूद केलेले कारण शैक्षणिक आहे.

इंद्रा साहनी खटल्यातील १९९२ च्या निकालाने घातलेल्या ५० टक्के मर्यादेशीही या आदेशाची सांगड घातली जाते. मात्र ती मर्यादा आरक्षण त्यापलीकडे सामान्यतः जाऊ नये यासाठी आहे, तर १९०२ चा आदेश मागासलेल्या वर्गांचे प्रमाण तेथवर पोहोचावे यासाठी होता. आकडा एकच असला, तरी हेतू भिन्न आहेत.

तारखांबाबतही गल्लत होते. महाराष्ट्रात ‘सामाजिक न्याय दिन’ म्हणून पाळला जाणारा २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस आहे. आदेशाची तारीख २६ जुलै आहे.

महत्त्व

मद्रास इलाख्यातील १९२१ च्या जातनिहाय प्रतिनिधित्वाच्या आदेशापूर्वी सुमारे दोन दशके हा आदेश निघाला. आरक्षणाच्या इतिहासातील आरंभीचा टप्पा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.