याचा मालक कोण?

२००४-०५च्या सुमारास पुण्यात वेबसाइट करून देणाऱ्या आम्हा मंडळींचं पोट खरं तर मजकूर बदलण्यावर चालायचं. साइट एकदाच व्हायची. पण दुकानाचा फोन नंबर बदलला, नवं पुस्तक आलं, दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ टाकायचं झालं, की आम्हाला फोन. मग ड्रीमवीव्हर उघडा, एक ओळ बदला, एफटीपीनं फाइल चढवा आणि बिल लावा. मराठी साइट असली तर आणखी तऱ्हा. मजकूर श्रीलिपीत नाहीतर शिवाजी फाँटमध्ये टाइप केलेला. वाचणाऱ्याच्या मशीनवर तो फाँट नसला की पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी. ‘आधी फाँट उतरवून घ्या’ ही सूचना माथ्यावर असायची, तीही बहुतेक वेळा इंग्रजीत!

त्या दिवसांत साइटचा मजकूर सांभाळणारं मॅम्बो हे सॉफ्टवेअर हाती आलं. मेलबर्नच्या मिरो कंपनीनं ते २००१मध्ये जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुलं केलेलं. मजकूर डेटाबेसमध्ये, सांगाडा पीएचपीत, आणि ग्राहकानं ब्राउझरमधून लॉगिन करून आपला लेख आपणच टाकायचा. मी हरखले. नारायण पेठेतले एक प्रकाशक मात्र जागचे हलले नाहीत. म्हणाले, “मॅडम, फुकट आहे हे ठीक. पण याचा मालक कोण? उद्या बंद पडलं तर कुणाला धरायचं?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याची परीक्षाही लगेच झाली. ऑगस्ट २००५मध्ये मिरोनं मॅम्बोसाठी फाउंडेशन काढलं, त्यात आपल्याला विचारात घेतलं नाही म्हणून मुख्य प्रोग्रॅमर बाहेर पडले. सोबत काय नेलं? सगळा कोड. जीपीएलमध्ये त्याची मुभाच असते. सप्टेंबरमध्ये त्यांच्या जूम्लाची पहिली आवृत्ती आली, ती म्हणजे किरकोळ दुरुस्त्या केलेलं मॅम्बोच होतं. त्यामुळे माझ्या साइट तिकडे नेताना फाइली बदलल्या, पण डेटाबेसमधला मजकूर जवळपास जसाच्या तसा राहिला. कंपनी एकीकडे आणि माणसं दुसरीकडे गेली, तरी ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

मॅम्बोसारख्याच वर्डप्रेस या सॉफ्टवेअरचा जन्मही असाच. मिशेल वाल्ड्रिगी या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००१मध्ये बी-टू नावाची प्रणाली लिहिली आणि पुढे तिच्याकडे लक्ष देणं थांबवलं. जानेवारी २००३मध्ये ह्यूस्टनच्या मॅट मुलनवेग या १९ वर्षांच्या मुलानं जाहीरपणे म्हटलं, की कोड खुला आहे तर आपणच तो पुढे नेऊ. इंग्लंडमधून माइक लिटल यांनी हात वर केला, आणि २७ मे २००३ला पहिली आवृत्ती निघाली. पुढच्याच वर्षी, मे २००४मध्ये, तेव्हा लोकप्रिय असलेल्या मूव्हेबल टाइप या ब्लॉग-प्रणालीनं परवान्याचे नियम आणि दर बदलले. वैतागलेले लोक वर्डप्रेसकडे वळले. मूव्हेबल टाइपला तर मालक होता! प्रकाशकांना मी हाच किस्सा ऐकवला. ते हसले, आणि होस्टिंगचे पैसे दिले.

मराठीचं गाडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं. युनिकोडमुळे फाँटची कटकट संपली, पण मजकूर ज्यात राहतो त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये मूळ अक्षरसंच ‘लॅटिन-१’चा. वर्डप्रेस त्यातच देवनागरी कोंबायचं. साइट एका जागी असेपर्यंत काही कळत नसे. होस्ट बदलला, की डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्याच्या शेजारी चलनाचं गोल चिन्ह, ओळींमागून ओळी. देवनागरीचं जवळजवळ प्रत्येक अक्षर त्याच दोन बाइटांनी सुरू होतं, म्हणून ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते. उपाय माहीत झाला की सोपा: डेटाबेस लॅटिन-१ म्हणूनच उतरवायचा, फाइलीत तसा उल्लेख असेल तिथे युनिकोडचं यूटीएफ-८ करायचं आणि परत चढवायचं. मे २००७च्या २.२ आवृत्तीपासून नव्या साइटच्या कॉन्फिग फाइलीतच यूटीएफ-८ची ओळ आली, तेव्हा हे दुखणं हळूहळू गेलं.

एक अडचण मात्र कायम आहे. लेखाच्या शीर्षकावरून वर्डप्रेस त्याचा वेबपत्ता बनवतं आणि त्याला मर्यादा २०० चिन्हांची. पत्त्यात देवनागरीचा एकेक घटक नऊ चिन्हं खातो, आणि काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळे स्वतंत्र घटक! एकट्या ‘ज्ञानेश्वरी’ला ९९ जागा लागतात. चार-पाच शब्दांचं शीर्षक दिलं की पत्ता मध्येच तुटतो. म्हणून नारायण पेठेत आता लेख टाकणारी मुलगी शीर्षक मराठीत देते आणि खालच्या चौकटीत पत्ता रोमन लिपीत स्वतः टाइप करते. मला फोन करत नाही.