सयामच्या दरबारांतील नगरची शिक्षिका

परदेशांत जाऊन राहिलेल्या माणसाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो कोठून लिहावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आठवणींचे ग्रंथ राजवाडे, देवळें, उत्सव आणि मेजवान्या यांच्या वर्णनांनीं भरलेले असतात. परंतु ज्यास त्या देशांत वर्षानुवर्षें दिवस काढावयाचे असतात, त्याचें चित्त या देखाव्यांत फार वेळ रमत नाहीं. राहावयास घर कोठें मिळेल, वेतन वेळेवर पदरांत पडेल कीं नाहीं, मूल आजारी पडल्यास औषध कोण देईल, घरचें पत्र किती दिवसांनीं येईल, तंटा झाल्यास दाद कोणाच्या दारीं मागावयाची, या विवंचना त्याच्या उशाशीं बसलेल्या असतात. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या आमच्या उपनगरांत ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी परदेशीं नोकरीस आहे, अशीं घरें आज पुष्कळ आढळतील. त्या घरांतील वडील माणसांस हें निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

ही दृष्टि ठेवून ॲना लिओनोवेन्स या बाईंचें चरित्र पाहण्याजोगें आहे. सयामच्या, म्हणजे १९३९ सालीं ज्यानें थायलंड हें नांव धारण केलें त्या देशाच्या, राजवाड्यांत या बाई १८६२ पासून १८६७ पर्यंत राजस्त्रिया व राजपुत्र यांना इंग्रजी शिकवीत होत्या. १८७० सालीं त्यांनीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या आधारें मार्गारेट लँडन यांनीं १९४४ सालीं कादंबरी लिहिली, व त्या कादंबरीवरून १९५१ सालीं न्यूयॉर्क येथें संगीत नाटक झालें. बाईंनीं स्वतःविषयीं जी हकीकत सांगितली ती अशी कीं, आपला जन्म वेल्समध्यें झाला, वडील लष्करांत कॅप्टन होते व पति मेजर होते. वस्तुस्थिति निराळी होती. त्यांचा जन्म १८३१ च्या नोव्हेंबरांत अहमदनगर येथें, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरांत, झाला. वडील टॉमस एडवर्ड्स हे सफरमैना पलटणींत सार्जंट होते. मूळचा धंदा सुतारकामाचा. आणि कन्येच्या जन्मापूर्वींच ते वारले होते. आजोळचे आजोबा मुंबई लष्करांतील इंग्रज अधिकारी होते, पण आजी बहुधा एतद्देशीय किंवा मिश्र वंशाची असावी, असें चरित्रकार मानतात. १८४९ च्या नाताळांत पुण्यास बाईंचा विवाह झाला. वर टॉमस लिओन ओवेन्स हा लष्करी कचेरींतील कारकून. पुढें हें जोडपें ऑस्ट्रेलियास व तेथून सिंगापुराकडे गेलें. पतीनें पिनांगास खाणावळवजा हॉटेल चालविलें, आणि १८५९ सालीं तो तेथेंच मरण पावला. दोन लहान मुलें पदरीं घेऊन ही विधवा सिंगापुरास शाळा चालवूं लागली. शाळेंत पोट भरेना.

अशा वेळीं सयामच्या राजाचें पत्र आलें. महाराज मोंगकुट हे राज्यावर येण्यापूर्वीं सत्तावीस वर्षें बौद्ध भिक्षु होते. पाली तर त्यांस अवगत होतीच, पण लॅटिन, इंग्रजी व ज्योतिष यांचाही त्यांनीं अभ्यास केला होता. पूर्वीं अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्नी राजवाड्यांत शिकवीत असत. परंतु शिकवितां शिकवितां त्या धर्मोपदेश करूं लागल्या, म्हणून तो क्रम बंद पडला. नव्या शिक्षिकेस महाराजांनीं आधींच बजाविलें कीं, भाषा व शास्त्रें शिकवावीं, बाटविण्याच्या भरीस पडूं नये. वेतन दरमहा शंभर डॉलर ठरलें. बाईंनीं मुलीस विलायतेस शाळेंत धाडलें आणि पांच वर्षांच्या मुलास बरोबर घेऊन १८६२ च्या मार्चांत त्या बँकॉकला उतरल्या.

त्या वेळीं तेथें परदेशस्थ कोणत्या अटींवर राहात, हें समजून घेतलें पाहिजे. १८५५ सालीं सर जॉन बाउरिंग यांनीं सयामशीं तह केला. त्या तहानें इंग्रज प्रजाजनांचे तंटे ऐकण्याचा अधिकार इंग्रज वकिलाकडे आला, व आयात मालावर शेंकडा तीन एवढीच जकात राहिली. व्यापारासाठीं गेलेले आपल्याकडील लोकही इंग्रजांचे प्रजाजन म्हणून याच वकिलाच्या छत्राखालीं येत. जमिनीची बाब मात्र राजानें सैल सोडली नाहीं. शहराच्या तटापासून चार मैलांच्या आंत परदेशस्थानें घर भाड्यानें घ्यावें. तेथें जमीन विकत घ्यावयाची तर आधीं दहा वर्षें राहिलेलें असावें, किंवा सरकारची खास परवानगी मिळवावी, असें कलम होतें. ज्यास न्याय आपल्या वकिलाकडून मिळतो, पण पाय ठेवावयास वीतभर जमीन मिळत नाहीं, त्याची स्थिति पाहुण्याची कीं मालकाची, हें सांगणें कठीण.

बाईंच्या आठवणींत या घराच्या प्रश्नानें केवढी जागा व्यापली आहे! पहिल्या रात्रीं उतरण्याची कांहींच सोय नव्हती; बंदरावरील अधिकारी कॅप्टन बुश यांनीं आपल्या घरीं नेलें म्हणून निभावलें. पुढें मुख्य प्रधानाच्या वाड्यांत मुक्काम पडला. बाईंनीं राजवाड्यांतच राहावें, असें महाराजांचें म्हणणें; संध्याकाळीं वेशी बंद झाल्यावर आपण बंदिवान होऊं, असें बाईंचें म्हणणें. नंतर एक घर देऊं केलें तें मासळीबाजारालगत, इतकें घाणेरडें कीं त्या तशाच परतल्या. बऱ्याच दिवसांनीं पसंतीचें घर मिळालें, तेव्हां कोठें चूल मांडतां आली. वेतनवाढीचा वादही असाच लांबला. कारण शिकविण्याखेरीज महाराजांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचें कामही बाईंच्या अंगावर पडत गेलें होतें.

त्यांच्या बिऱ्हाडांतील माणसें कोण, हेंही पाहण्याजोगें आहे. त्यांनीं बरोबर आणलेल्या दोघांचा उल्लेख त्या मुनशी व बीबी असा करितात: एक फारशी शिकविणारा गुरु, दुसरी हिंदुस्थानी दाई. सयामी भाषा येईपर्यंत त्या घराचा आधार हीच दोन माणसें. सयामांत सरकारी टपाल सुरू झालें तें १८८३ सालीं. तोंवर पत्रें बोटीनें सिंगापुरास जात व तेथून पुढें. विलायतेंत ठेवलेल्या मुलीची खुशाली कळावयास आईस किती वाट पाहावी लागत असेल, याची कल्पना करावी. शहर सारें कालव्यांचें. गाडीघोड्यास रस्ता नाहीं, त्यामुळें हिंडणेंफिरणें होत नाहीं व प्रकृति बिघडते, अशी परदेशी वकिलांनीं तक्रार केली, तेव्हां महाराजांनीं रस्ता बांधविला व तो १८६४ सालीं खुला झाला. आजही तो चरोन क्रुंग या नांवानें वाहता आहे. परदेशस्थांच्या रोजच्या अडचणी कधीं कधीं नगररचनेसही कारण होतात, त्या अशा.

इतक्या सर्व अडचणी बाईंनीं मोकळेपणानें लिहिल्या. परंतु सर्वांत मोठी अडचण लिहिली नाहीं. गोऱ्या वसाहतींत माणसाचें मोल त्याच्या जन्मावरून ठरत असे. सार्जंटाची, त्यांतून हिंदी रक्ताची मुलगी म्हणून त्या उभ्या राहिल्या असत्या, तर सिंगापुरांतील अधिकाऱ्यांनीं आपलीं मुलें त्यांच्या शाळेंत घातलीं असतीं काय? म्हणून नगर पुसलें गेलें आणि वेल्स आलें. १८८४ सालीं त्यांनीं हिंदुस्थानच्या आठवणींचें पुस्तक लिहिलें, त्यांतही विलायतेहून नुकतीच आलेली मुलगी ही भूमिका सोडली नाहीं. याची किंमतही त्यांनीं दिली. सख्ख्या बहिणीशीं त्यांनीं संबंध तोडले. पुढें हॉलिवुडांत नांवारूपास आलेला नट बोरिस कारलॉफ हा त्याच बहिणीचा नातू. १९१५ सालीं कॅनडांत माँट्रिऑल येथें बाई वारल्या, तोंवर गुपित फुटलें नव्हतें. त्यांचा मुलगा लुई पुढें सयामांत सागवानाचा व्यापारी झाला होता. त्याच्या चरित्राचा शोध घेतां घेतां ब्रिस्टो या इंग्रज संशोधकास वेल्समधील जन्माचा पुरावा सांपडेना, आणि १९७६ च्या त्याच्या ग्रंथानें मूळ हकीकत उजेडांत आली.

यावरून बाईंस लबाड ठरवून मोकळें होणें सोपें आहे. आमच्या समाजांत जातीवरून पंगत व पाट ठरत आला आहे; त्यांत वाढलेल्यांनीं तरी हा निकाल देण्यापूर्वीं थोडें थांबावें. ज्या समाजानें खरें सांगणाऱ्या विधवेस उपाशी ठेविलें असतें, त्या समाजाकडेही या असत्याचा वांटा जातो. परंतु दया वेगळी आणि प्रमाण वेगळें. ज्या लेखणीनें स्वतःचा जन्म बदलला, तिनें राजवाड्यांतील भुयारी कोठड्यांच्या व जिवंत जाळलेल्या प्रेमिकांच्या ज्या कथा लिहिल्या, त्या तपासल्याखेरीज घेतां येत नाहींत. बँकॉकच्या पाणथळ जमिनींत भुयारें टिकावीं कशीं, असा आक्षेप अभ्यासकांनीं घेतलाच आहे. या कथांमुळें एक विद्याव्यासंगी राजा जगाच्या रंगभूमीवर लहरी व हास्यास्पद ठरला. १९५६ च्या चित्रपटास थायलंडांत बंदी झाली, तिच्या मुळाशीं हें दुःख आहे.

मग या आठवणींतून इतिहासकारानें घ्यावें काय? आमच्या मतें, मासळीबाजारालगतचें घर घ्यावें, शंभर डॉलरांचा हिशेब घ्यावा, मुनशी व बीबी यांस घ्यावें. प्रतिष्ठेचा प्रश्न जेथें येत नाहीं, तेथें माणसास खोटें बोलण्याचें कारण सहसा नसतें. आणि संसाराच्या खटपटींत तर त्याचा खरा स्वभाव नकळत उतरतो. पांच वर्षांच्या मुलास घेऊन अनोळखी दरबारीं उभें राहणें, नवी भाषा शिकणें, राजाशीं घरासाठीं भांडणें, हें धैर्य वेल्सच्या कोणा कॅप्टनाच्या कन्येचें नव्हतें. तें नगर-पुण्याच्या छावण्यांत अनेक भाषांच्या व अनेक जातींच्या माणसांत वाढलेल्या एका पोरक्या मुलीचें होतें. तिचें गांव तिला परत देणें, आणि त्याच वेळीं सयामच्या राजास त्याची अब्रू परत देणें, ही दोन्हीं कामें इतिहासाचींच आहेत. एकासाठीं दुसरें सोडण्याचें प्रयोजन नाहीं.