टाचेतील रक्ताचा थेंब

नवजात अर्भकाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब शोषककागदावर घ्यावयाचे, ते वाळवून प्रयोगशाळेकडे धाडावयाचे आणि मेंदूला घातक ठरणारा एखादा दोष त्या इवल्या देहात जन्मतःच दडला आहे काय याचा तपास करावयाचा, हा प्रघात युरोप-अमेरिकेत आता इतका अंगवळणी पडला आहे की, त्याचा उगम एका मातेच्या हट्टात आहे याचे स्मरण सहसा कोणी ठेवीत नाही.

ही माता नॉर्वेची. तिची दोन्ही अपत्ये, थोरली मुलगी व धाकटा मुलगा, जन्मतः निरोगी दिसत होती. परंतु महिने लोटले तरी त्यांच्या बुद्धीचा विकास होईना, आणि त्यांच्या अंगाला एक चमत्कारिक कुबट दर्प येई. या दर्पाचा मुलांच्या व्याधीशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न घेऊन तिने डॉक्टरांचे उंबरठे झिजविले, आणि अखेरीस १९३४ साली ओस्लोचे अस्ब्यर्न फोलिंग यांनी, जे वैद्यकाइतकेच रसायनशास्त्रातही निष्णात होते, त्या मुलांचे मूत्र तपासावयास घेतले. फेरिक क्लोराइड घालताच गडद हिरवा रंग उमटला आणि थोड्याच वेळात मावळला. हा औषधांचा परिणाम असावा म्हणून ती सर्व बंद करवून फेरतपासणी केली, रंग हिरवाच. मग मूळ द्रव्य वेगळे काढण्यासाठी सुमारे २० लिटर मूत्र लागले, आणि ते त्या माउलीनेच पुरविले. ते द्रव्य फेनिलपायरुविक आम्ल ठरले. पुढे मतिमंदांच्या आश्रयगृहांतील ४३० जणांची तपासणी करता आणखी आठ जणांत ते आढळले. या शोधात त्या मातेला बरोबरीची वाटेकरी मानले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

याच १९३४ सालच्या आरंभी जर्मनीत जन्मजात बुद्धिमांद्य असलेल्यांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा अमलात आला होता. फोलिंग यांना आढळलेल्या व्याधीचे फेनिलकीटोन्युरिया हे नाव रूढ करणारे इंग्लंडचे लायोनेल पेनरोज यांनी पुढे साधार दाखवून दिले की, हा दोष गुप्तपणे वाहणारी माणसे स्वतः पूर्ण निरोगी असतात व रुग्णांहून कितीतरी पटींनी अधिक असतात. सबब मूठभर रुग्णांवर असा जुलूम करून तो दोष वंशातून नाहीसा करणे अशक्य आहे.

व्याधी ओळखता आली, तरी उपाय सापडावयास १९५१ साल उजाडावे लागले. अन्नातील प्रथिनांत फेनिलॅलॅनिन नावाचा घटक असतो. त्याचे रूपांतर करणारे यकृतातील विकर या रुग्णांत निकामी असते, आणि साचलेला तो घटक वाढत्या मेंदूची हानी करतो. म्हणजे ज्या दुधावर बालक वाढावयाचे, तेच त्यास बाधते! बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात एक आई आपल्या लहानग्या मुलीसाठी, जिला उभेही राहता येत नसे, जी सतत रडे व डोके आपटी, रोज डॉक्टरांकडे येऊन उपचाराची मागणी करी. तिच्या आग्रहामुळे हॉर्स्ट बिकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळशाच्या भुकटीतून गाळून तो घटक काढून टाकलेले प्रथिनमिश्रण सिद्ध केले. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, तिचे रडणे थांबले, दृष्टीत तेज आले. खात्रीसाठी डॉक्टरांनी आईच्या नकळत तो घटक पुन्हा आहारात मिसळला, तेव्हा मुलीची प्रकृती तत्काळ ढासळली. शास्त्रीय पुरावा सबळ झाला खरा. परंतु आईस अंधारात ठेवण्याची ही रीत मला कदापि मान्य होणार नाही.

हानी झाल्यावर दिलेला आहार ती पूर्णतः भरून काढू शकत नाही. म्हणून निदान जन्मानंतर काही दिवसांतच होणे अगत्याचे होते. ही सोय अमेरिकेतील बफेलोच्या रॉबर्ट गथ्री यांनी केली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता, जरी त्याचे कारण फेनिलकीटोन्युरिया नव्हते, आणि त्यांच्या एका भाचीत या व्याधीचे निदान उशिरा झाले होते. वाळलेल्या रक्ताच्या चकतीभोवती जिवाणूंची वाढ किती होते यावरून फेनिलॅलॅनिनचे प्रमाण ताडणारी त्यांची पद्धत स्वस्त होती, आणि मतिमंद मुलांच्या पालकांच्या संघटनांनी तिचा हिरिरीने पाठपुरावा केला. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने सक्तीची केली. पुढील दशकात कॅनडातील क्वेबेक येथे ज्याँ द्युसो यांनी तशाच वाळलेल्या थेंबावरून जन्मजात थायरॉइड-न्यूनता ओळखण्याची रीत बसविली. ही व्याधी फेनिलकीटोन्युरियाहून अधिक आढळते, तिनेही बुद्धी खुंटते, आणि वेळीच आरंभ केल्यास रोजच्या एका गोळीने ती हानी टळते.